गुरुवारची मनाई

बेलिफाच्या नोकरीत दोन गोष्टी लागतात, मजबूत चपला आणि निगरगट्ट तोंड. आमच्या या बेलिफाकडे चपला होत्या. तोंडाची उणीव तो नियम पाळून भरून काढायचा.

एकतीस वर्षांत त्यानं एकही कागद दाराच्या फटीतून सरकवला नव्हता, की शेजाऱ्याच्या हातात कोंबून पळ काढला नव्हता. मनाई हुकूम असला की ज्याच्यावर आहे त्याच्यासमोर ताठ उभं राहायचं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत मोठ्यानं वाचायचा, मग साध्या बोलीत समजावून सांगायचा. समोरच्याचं समाधान झालं की त्यानं स्वतःच्या हातानं खाली ‘समजलं’ असं लिहून सही करायची. हा शब्द कागदावर उतरेपर्यंत हुकूम लागू नाही, असा त्या कोर्टाचा जुना नियम. बाकीचे बेलीफ तो शब्द स्वतःच लिहून मोकळे होत आणि चहाला जात. हा गडी एकदा एका ठार बहिऱ्या सुताराला दीड तास खाणाखुणा करून समजावत बसला होता. शेवटी सुतारानं करवत खाली ठेवली तेव्हा दोघंही घामानं निथळत होते, आणि दोघांनी एकमेकांना पाणी पाजलं.

तर अशा या माणसाच्या हातात एका सोमवारी सकाळी नाझरांनी दिवसाचे कागद ठेवले. कागद वाटणं हेच नाझरांचं काम. वरचाच पत्ता वाचून बेलिफानं तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

पत्ता होता कोपऱ्यावरच्या दुमजली इमारतीचा. खाली दंतवैद्याचा दवाखाना, वर लाकडी फळ्यांच्या जमिनीची एक लांब खोली. त्या खोलीत दर गुरुवारी पाच ते सात बुवा गाऊन प्रवचन करीत. बुवा पेशानं घड्याळजी. सहा दिवस डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडायची आणि सातव्या दिवशी तोच कारभार शब्दांवर करायचा, ही त्यांची रीत. दया म्हणा, क्षमा म्हणा, एखादा शब्द घेत, त्याचं झाकण काढत, आतली चाकं एकेक करून जणू रुमालावर मांडत आणि पुन्हा बसवून चालू करून दाखवत. मधूनमधून पद. पदाला तीस माणसांच्या टाळ्या, सात जोड झांजा, आणि रंग चढला की साठ पाय. देवाचं नाव घ्यायला गळा लागतोच असं नाही, पण गळा असला तर तो देवालाच ऐकवावा, असं मानणारी ती मंडळी.

आणि त्या सात जोडांपैकी सगळ्यात मोठा जोड बेलिफाच्या अक्काचा.

अक्का त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला वाढवलं. पुढं अक्काचे यजमान गेले आणि ती भावाकडे राहायला आली, ती मुकी होऊनच. सात महिने घरात भांड्यांचाच काय तो आवाज. बेलीफ घरी येऊन दिवसभराची हकिकत सांगायचा, ती मान हलवायची. मग कोणी शेजारीण तिला एका गुरुवारी वर घेऊन गेली. कोणीतरी तिच्या हातात झांजा दिल्या. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं चपला काढायच्या आधी म्हटलं, ‘तो तिसरा झांजवाला तालाला कच्चा आहे.’ सात महिन्यांतलं ते पहिलं वाक्य. बेलीफ त्या कच्च्या झांजवाल्याला अजून रस्त्यात भेटला की नमस्कार करतो. बिचाऱ्याला कारण ठाऊक नाही.

तेव्हा हुकुमात काय होतं ते बेलिफाला दोनदा वाचावं लागलं. दंतवैद्याचा दावा असा की, वरच्या पायांनी छताचा चुना उघड्या तोंडात पडतो, ऐन वेळी झांज कडाडली की हात उडतो, आणि मागच्या महिन्यात तर छोटा आरसा हातातून निसटून रोग्याच्या नाकपुडीत गेला. सबब दर गुरुवारी पाच ते सात या वेळेत गायन, वादन, टाळ्या आणि ‘सामूहिक पदाघात’ यांस मनाई. दंतवैद्य वाईट माणूस नव्हता. बारीक हाताचा, घाबरट आणि कामाला चोख. बेलिफाची अक्कलदाढ त्यानंच काढली होती, आणि काढताना रोग्यापेक्षा जास्त वेळा ‘आई गं’ म्हटलं होतं.

घरी त्यानं कागद सदऱ्याच्या आतल्या खिशात लपवला. पण ज्या बाईनं तुमचं नाक पुसलेलं असतं तिच्यापासून काय लपतं? जेवताना त्यानं आमटीत दोनदा मीठ घातलं आणि अक्कानं हात पुढं केला. कागद वाचला, घडी घातली, परत दिला.

‘एकतीस वर्षं लोकांची दारं बंद केलीस,’ ती म्हणाली. ‘घरचंच तेवढं राहिलं होतं.’

त्यानं सांगून पाहिलं की नाझरांना विनवून कागद दुसऱ्या बेलिफाकडे देता येईल. त्यावर अक्का भडकली. दुसरा येऊन खोटा ‘समजलं’ लिहून जाणार, त्यापेक्षा घरच्यानं रीतसर गळा दाबलेला बरा. तिनं त्याला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल एकदाच मारलं होतं, ती आठवण दोघांनाही एकदमच झाली असावी. मग तिनं त्याची खारट आमटी बाजूला सारून त्याला ताक वाढलं.

गुरुवारी सव्वापाचला बेलीफ जिना चढला. पद ऐन रंगात होतं. त्याचा बिल्ला दिसताच बुवांनी हात वर करून सगळं थांबवलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. बेलिफानं उभ्यानंच हुकूम वाचला. ‘सामूहिक पदाघात’ आल्यावर मागं कोणीतरी फसकन हसलं. अक्का पहिल्या ओळीत झांजा मांडीवर घेऊन बसली होती आणि भावाकडे अशी बघत होती, जसा परीक्षक उमेदवाराकडे बघतो.

मग त्यानं समजावून सांगितलं. बुवांनी ऐकलं, मान डोलावली, पेन हातात घेतलं आणि थांबले. बाकी सगळं स्वच्छ आहे म्हणाले, पण मथळ्यावरच्या ‘मनाई’पाशी अडतंय. मनाई म्हणजे काय?

बेलीफ म्हणाला, मनाई म्हणजे बंदी. बुवांनी विचारलं, बंदी म्हणजे? करायचं नाही, बेलीफ म्हणाला.

‘हे काटे काय दाखवतात ते झालं,’ बुवा म्हणाले. ‘मी आतली कमान विचारतोय. शब्द आला कुठनं? त्याला किल्ली कुणी दिली? साहेब, मी उघडून पाहिल्याशिवाय हातातल्या घड्याळालासुद्धा समजलं म्हणत नाही. इथं तर तीस जणांचा गुरुवार आहे.’

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर तो वेळकाढूपणा ठरला असता. पण बुवा खरोखरच अडले होते. ते शब्दाकडे असे बघत होते की आता खिशातून भिंग काढतील. आणि बेलिफाला त्या क्षणी लख्ख दिसलं की, एकतीस वर्षं आपण जो शब्द दारोदार पोचवला त्याच्या आत काय आहे हे आपल्यालाही माहीत नाही. टपालवाल्यानं पाकीट उघडू नये हे ठीक, पण बेलिफाचं कामच मुळी उघडून दाखवायचं.

सात वाजले. प्रवचन झालं नाही, बजावणीही झाली नाही. त्यानं खाली अहवाल लिहिला: ‘पक्षकारास हुकूम समजला. शब्द समजला नाही. बजावणी अपूर्ण.’

त्या आठवड्यात घरात सणासुदीची कळा आली. अक्का बोलत होती, भाजी निवडताना गुणगुणत होती, न मागता दुसऱ्यांदा वाढत होती. हुकूम अजून लागू नाही ना? नाही. मग झालं तर. शब्दाचं मूळ सापडायला वर्षही लागेल, असं ती वाटीत तूप सोडता सोडता सहज म्हणाली. बेलिफाच्या मनात तो विचार आधीच येऊन पाय पसरून बसला होता. शोधलंच नाही तर? कोण विचारणार? पण रात्री देवापुढं हात जोडायचे तर मनात अशी पळवाट ठेवून ते जुळेनात.

इकडं त्याचा अहवाल न्यायाधीश बाईंच्या टेबलावर पोचला. त्यांनी बोलावणं धाडलं तेव्हा कचेरीत सगळ्यांनी त्याच्याकडे मयताला निघालेल्या माणसासारखं पाहिलं. बाई कडक म्हणून नाव काढलेल्या. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं, चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, की बावीस वर्षं त्या मनाई हुकुमांवर सह्या करतायत, आणि आजवर एकाही माणसानं हा प्रश्न विचारला नाही. मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. बेलीफ वहीत उतरवून घेत होता. बाहेर नाझर दाराला कान लावून उभे होते, आणि आतून रागाचा आवाज येत नाही म्हणून जास्तच घाबरले होते.

पुढच्या गुरुवारी बेलीफ आधी खालच्या दवाखान्यात शिरला. दंतवैद्यांना म्हणाला, वर यावं लागेल. दंतवैद्य म्हणाले, खुर्चीत रोगी आहे, अर्धा जबडा बधिर केलाय. बेलीफ म्हणाला, रोग्यासकट या. तेव्हा दंतवैद्य पांढऱ्या डगल्यात, आणि त्यांच्यामागं गळ्याला फडकं बांधलेला, एका गालानं लोंबणारा एक पोस्टमन, असे दोघं जिना चढले. बारा वर्षं छताखाली काढली, पण दंतवैद्यांनी ती खोली पहिल्यांदाच पाहिली. लोकांनी सरकून जागा दिली. पोस्टमनला कोणीतरी लोड दिला.

बेलिफानं एका बाजूला बुवांना उभं केलं, दुसऱ्या बाजूला दंतवैद्यांना, आणि स्वतः बरोबर मध्ये उभा राहिला. वही उघडली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

म्हणाला, मनाई हा शब्द अरबीतून आला. मुळात अर्थ अडवणं, रोखणं. पुढं निघालेल्या माणसाच्या छातीशी हात धरावा तसं. बंदी फारसीतली, तिच्यात बांधणं आहे. हुकूमही अरबीच, आणि हुकूम, हाकीम, हकीम हे एकाच मुळाचे; हाकीम म्हणजे निवाडा करणारा, हकीम म्हणजे शहाणा, वैद्य.

‘म्हणजे कोर्ट आणि खालचे वैद्य भावकीतलेच निघाले,’ बुवा म्हणाले. खोलीत हशा पिकला. दंतवैद्यांनाही हसावं की नाही कळेना, म्हणून त्यांनी पोस्टमनचा गाल तपासला.

बेलीफ पुढं सांगत होता. दूर उत्तर युरोपात बंदीसाठी जो ‘बॅन’ शब्द चालतो त्याचा मूळ अर्थ नुसता पुकारा. चारचौघांत मोठ्यानं सांगणं. बंद करणं नंतर आलं, आधी सांगणं. रोमी लोक एखाद्याला कायद्याबाहेर टाकायचे तेव्हा नाव फळीवर लिहून ती सगळ्यांसमोर उभी करायचे, त्या कृत्याच्या नावातच ‘समोर लिहिणं’ आहे. आणि त्यांच्या न्यायाधीशाचा जो मनाई हुकूम असे, त्याच्या नावाची फोड होते मध्ये आणि बोलणं. जुन्या कायदेपंडितांनी त्याचं एक कारण लिहून ठेवलंय, ते असं की तो दोघांच्या मध्ये बोलला जातो.

इथं वहीतलं संपलं होतं. पण बेलिफाला थांबता येईना. अक्काला न्यायला येऊन इतकी वर्षं जिन्यात ऐकून ऐकून बुवांची लकब त्याच्या अंगात कधी उतरली होती त्यालाच ठाऊक नव्हतं. वही मिटून तो म्हणाला,

‘तर मंडळी, मनाई ही भिंत नाही. भिंत मुकी असते. मनाई म्हणजे भांडणाऱ्या दोघांच्या मधोमध उभं राहिलेलं एक माणूस, आणि ते तोंडानं सांगतंय की बाबांनो, इथवर. एकाला ऐकू आलं आणि दुसऱ्याला नाही, तर ती मनाईच नव्हे. म्हणून डॉक्टरांना वर आणलं. बुवा, बारा वर्षं तुम्ही गाताय आणि ते दात काढतायत, पण मध्ये बोललं कोणी नाही. आज मी बोलतोय. मला नको असताना बोलतोय.’

मागून एकजण ‘वा’ म्हणाला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. बुवांचे डोळे ओले झाले होते. अशी सफाईनं उघडलेली कमान त्यांनी फार दिवसांत पाहिली नव्हती. त्यांनी पेन घेतलं, ‘समजलं’ लिहिलं, सही केली, वेळ घातली. पाच वाजून चाळीस मिनिटं. घड्याळजीचीच वेळ ती, पुढंमागं व्हायची नाही.

अक्कानं झांजा कापडी पिशवीत घातल्या. त्या ठेवताना आला तेवढाच आवाज. भावाजवळून जाताना म्हणाली, ‘चांगलं सांगितलंस.’ आणि त्यानंतर घरात काही म्हणाली नाही.

पुन्हा भांड्यांचाच आवाज. बेलीफ मुद्दाम विचारायचा, चहा झाला का? मान हलायची. मुद्दाम चुकीचं बोलून पाहायचा, आज मंगळवार ना, बुधवारी. मान हलायची. एकदा त्यानं भात करपवला, की निदान शिव्या तरी देईल. तिनं मुकाट्यानं करपलेला भात खाल्ला, आणि त्यालाही तोच खावा लागला.

हुकुमाचं पालन होतंय का हे पाहून अहवाल द्यायचा असतो. म्हणून पुढच्या गुरुवारी बेलीफ दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर वही घेऊन बसला. बाकावर अजून चार रोगी होते. वर मंडळी जमली होती, कारण बसायला मनाई नव्हती. बुवा गात नव्हते, बोलतही नव्हते. तीस माणसं हात जोडून गप्प बसली होती. इमारतीत इतकी शांतता होती की दंतवैद्यांनी यंत्र चालू केलं ते बाकावरच्या प्रत्येकाच्या दाढेत वाजलं. मग आतल्या रोग्याचं लांबलचक ‘आऽऽ’. मग दंतवैद्यांचं ‘झालंच, झालंच’, जे झालेलं नसतं तेव्हाच म्हणतात. मग हत्यार ठेवल्याचा खण्ण. अन् मग छतातून, तीस गळ्यांतून, मनापासून, ‘अरेरे’.

यंत्र थांबलं. दंतवैद्यांनी वर पाहिलं असावं. पुन्हा यंत्र, पुन्हा ‘आऽऽ’, पुन्हा वरून ‘अरेरेरे’, आणि त्यातून अक्काचा आवाज वेगळा ओळखू आला, ‘सोसायला बळ दे रे देवा याला’. बाकावरचा पहिला रोगी म्हणाला की त्याचं दुखणं कमी झालंय. दुसऱ्याला अचानक काम आठवलं. तिसरी एक शिंपीणबाई होती, ती काही न बोलताच उठली. चौथा बेलिफाला विचारू लागला की ही वरची मंडळी आतल्या माणसाच्या नातेवाइकांपैकी का, आणि फार गंभीर आहे का. उत्तराची वाट न पाहता तोही गेला.

दुसऱ्या गुरुवारी बाक अर्ध्या तासात रिकामा झाला. तिसऱ्या गुरुवारी कोणी बसलंच नाही. आतल्या एकुलत्या एक रोग्यासाठी वरून इतका कळवळा खाली आला की तो तोंडातला कापूस थुंकून उठला.

दंतवैद्य बाहेर आले आणि बाकावर बेलिफाशेजारी बसले. त्यांचा डगला चुरगळला होता. म्हणाले, बारा वर्षं त्या गोंगाटाला शिव्या घातल्या, पण माझं यंत्र तो गिळत होता हे कळलं नाही. रोग्यांना वाटायचं, ओरडतायत ते वरचे. मी त्या मंडळींना थांबा म्हणायला गेलो तर काय म्हणून सांगू? दया करू नका?

‘एक विचारू?’ दंतवैद्य म्हणाले. ‘ही मनाई उठते कशी?’

लावली तशीच, बेलिफानं सांगितलं. अर्ज, बाईंची सही, आणि दोघांच्या मध्ये उभं राहून तोंडानं. चुन्याचं काय, ते मात्र बोलून घ्या. दंतवैद्य तिथल्या तिथं जिना चढले, आणि बुवांशी त्यांचं अर्धा तास बोलणं झालं. वर जाजमाखाली जाड सतरंजी घालायची. दंतवैद्यांनी छत पत्र्यानं मढवून घ्यायचं. आणि बुवांनी आज कुठलं पद कधी येणार हे आधी लिहून खाली पाठवायचं, म्हणजे आरसा सांभाळता येईल. बाईंनी अर्जावर सही करताना विचारलं म्हणे, की आता ‘उठवणे’ या शब्दाबद्दलही कोणाला काही शंका आहे का. बेलीफ नम्रपणे नाही म्हणाला.

गुरुवारी साडेपाचला त्यानं दोघांच्या मध्ये उभं राहून हुकूम वाचला. बुवांनी लिहिलं, सही केली, आणि पेनाचं टोपण लागायच्या आत सात झांजा एकदम कडाडल्या. दंतवैद्य जिन्यावरून धावत सुटले. हातात पदांची यादी होती. खाली बाकावर सहाजण बसले होते. तिसऱ्या पदाला, टाळ्यांचा कहर झाला तेव्हा, त्यांनी एक दाढ अशी काढली की रोग्यानं नंतर विचारलं, सुरू कधी करताय?

सातला बेलीफ आणि अक्का घरी निघाले. कोपरा वळायच्या आत तिनं सुरुवात केली. हुकूम वाचताना तो नाकात बोलतो. शिक्क्याचा नंबर इतका सावकाश वाचायची काय गरज होती. मध्ये उभा राहतो तो एका पायावर भार टाकून, बगळ्यासारखा, आई पाहती तर काय म्हणाली असती. भात करपवण्याचं नाटक तिला पहिल्या घासाला कळलं होतं. तो तिसरा झांजवाला आता चौथ्या मात्रेला चुकायला लागलाय, त्याला कोणीतरी सांगायला हवं. आणि चप्पल एवढी झिजलीय, दिसत नाही का त्याला.

बेलीफ ‘हं’ म्हणत चालला होता. घर आलं तरी ती थांबली नाही, कुलूप उघडतानाही नाही, आणि त्यानं चहाचं आधण ठेवलं तेव्हा आतल्या खोलीतून विचारत होती, की मंगळवार आणि बुधवार यातला फरक या वयात कळू नये माणसाला?